चालढकलीवर सहा गठ्ठ्यांचा उपाय

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चालढकलीवर आलेला लेख लक्षपूर्वक वाचला. पहाटे लवकर उठा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, रोजच्या कामांची यादी करा, मनाला शिस्त लावा, असे त्यातले सल्ले आहेत आणि ते चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. पण काम लांबणीवर टाकणारा माणूस मुळात आळशी असतो, हे लेखाने गृहीतच धरलं आहे. त्याला माझी हरकत आहे. मी महसूल खात्यात लिपिक म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले. सगळी नोकरी तहसील आणि प्रांत कार्यालयांतल्या कागदांच्या ढिगांत गेली. तिथे ज्यांच्या टेबलावर सर्वांत जास्त प्रकरणं तुंबलेली असायची, तीच माणसं बहुतेक वेळा सर्वांत शेवटी ऑफिसातून बाहेर पडायची. सुट्टीच्या दिवशी फायली घरी न्यायची. डबा खाताना एका हाताने टपालावर शेरे लिहायची. त्यांना आळशी म्हणणं हा अन्याय आहे, आणि त्यामुळे दुखणंही सापडत नाही.

होतं काय ते सांगते. महसुलात कारकुनाच्या टेबलाला संकलन म्हणतात. प्रत्येक संकलनाला रोज बारनिशीतून, म्हणजे आवक-जावक टेबलावरून टपाल येतं. जिल्हाधिकारी कार्यालयाची पत्रं, लोकांचे अर्ज, माहिती अधिकाराचे अर्ज, कोर्टाच्या नोटिसा, लोकप्रतिनिधींची पत्रं. विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की आमदारांचे तारांकित प्रश्न. ज्यावर लाल शाईने ‘तातडीचे’ लिहिलेलं असतं ते आधी हातात घेतलं जातं. मग जे दोन ओळींत संपतं ते. संध्याकाळी पाहावं तर बरेच कागद हातावेगळे झालेले असतात, पाठ मोडलेली असते, आणि ज्या फाईलला डोकं लावून तासभर द्यायला हवा होता ती गठ्ठ्याच्या तळाशी तशीच असते. दुसऱ्या दिवशी तिच्यावर नवा थर चढतो. महिना उलटला की त्या फाईलची भीती वाटू लागते, कारण आता तिला हात लावायचा म्हणजे आधी उशीर का झाला याचा खुलासा द्यावा लागणार. म्हणून ती आणखी खाली जाते. हिला चालढकल म्हणायचं तर खुशाल म्हणावं, पण ती दमलेल्या आणि धास्तावलेल्या माणसाची चालढकल असते. अशा माणसाला ‘पहाटे उठा’ सांगून त्याची धास्ती कमी होत नाही.

एका तालुक्याला बदलीने गेले तेव्हा संजय गांधी निराधार योजनेचं संकलन माझ्याकडे आलं. चार्ज घेताना कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एका विधवा बाईंचा अर्ज निघाला. उत्पन्नाचा दाखला, पतीच्या मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्डाची प्रत, सगळं जोडलेलं होतं. अडचण एवढीच की रेशनकार्डावर त्यांचं सासरचं नाव होतं, आधारकार्डावर माहेरचं, आणि पतीच्या नावातलं एक अक्षर मृत्यूच्या दाखल्यावर वेगळं होतं. फाईलवर टिपणी होती, ‘नावात तफावत. तपासून सादर करावे.’ काय तपासायचं, कोणी तपासायचं, पत्र कोणाला लिहायचं, यातलं काहीच नाही. त्या शेऱ्यापाशी फाईल जी थांबली ती थांबलीच. माझ्या आधीचे सहकारी कामाला वाघ होते. त्यांच्या हातून त्याच काळात मंजूर झालेल्या अर्जांनी रजिस्टरची पानं भरली होती. पण ही फाईल उघडल्यावर पुढचं पाऊल दिसत नसे, म्हणून ती मिटली जायची आणि सोपी फाईल उघडली जायची.

मी त्या टिपणीखाली लिहिलं की तिन्ही कागदांवरच्या नावाची व्यक्ती एकच असल्याबद्दल तलाठ्यांनी पंचांसमक्ष जबाब घ्यावा, अर्जदाराकडून प्रतिज्ञापत्र घ्यावं, आणि अमुक तारखेपर्यंत अहवाल यावा. त्याच दिवशी पत्र गेलं. जबाब झाला, अहवाल आला, योजनेच्या समितीच्या पुढच्या बैठकीत अर्ज मंजूर झाला. ज्या योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावं लागतं, तिथे एका अर्धवट शेऱ्यापायी महिनेच्या महिने जाणं म्हणजे त्या घरात काय होत असेल, याचा विचार वाचकांनी करावा. त्यानंतर माझ्या टेबलावरून एकही टिपणी ‘पुढे काय, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत’ हे लिहिल्याशिवाय वर गेली नाही. माझ्या अनुभवात जी कामं टळतात, त्यांतली निम्मीअधिक केवळ पहिलं पाऊल लिहिलेलं नसतं म्हणून टळतात. ‘प्रबंध पूर्ण करणे’ किंवा ‘घराच्या कागदपत्रांचं बघणे’ असं यादीत लिहिलं तर ते वर्षभर यादीतच राहील. ‘सोमवारी भूमी अभिलेख कार्यालयात मिळकत पत्रिकेच्या नकलेसाठी अर्ज देणे’ असं लिहिलं तर सोमवारी पाय आपोआप तिकडे वळतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. हल्ली लोक कामं आवरण्यासाठी मोबाइलवर ॲप शोधतात. महाराष्ट्राच्या सरकारी कार्यालयांत मात्र एक साधी पद्धत फार जुन्या काळापासून चालत आली आहे. सहा गठ्ठे पद्धत हे तिचं नाव. नव्याने लागलेल्या कारकुनाला ती सांगतात. मनापासून पाळणारे थोडे, पण जे पाळतात त्यांचं टेबल ओळखू येतं.

टेबलावरचा, खणातला, कपाटावर टाकलेला प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे, सातवी जागा नाही. पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा, म्हणजे ज्यावर मला स्वतःला काही करायचं आहे. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा, म्हणजे माझं करून झालं आहे आणि दुसऱ्या कोणाच्या उत्तराची, अहवालाची वाट आहे. तिसरा नियतकालिकांचा, दर महिन्याला, तिमाहीला ठरलेल्या तारखेला पाठवायच्या विवरणपत्रांचा. चौथा स्थायी आदेशांच्या संचिकेचा, म्हणजे कायम लागणारे शासन निर्णय (जीआर) आणि परिपत्रकं. पाचवा निकाली निघालेल्या, अभिलेख कक्षात पाठवायच्या प्रकरणांचा. आणि सहावा ‘ड’ वर्गाच्या, ठेवण्याची मुदत संपलेल्या, नष्ट करायच्या कागदांचा.

वाचताना हे अगदीच किरकोळ वाटेल. प्रत्यक्ष एकदा करून बघा. छातीएवढा ढीग जमिनीवर ओतून सहा ठिकाणी वाटायला बसलं की पहिल्या तासाभरातच दिसतं की पहिल्या गठ्ठ्यात जाणारे कागद फार थोडे आहेत. बाकीचा ढीग वाट पाहणाऱ्या, संपलेल्या आणि फेकायच्या कागदांचा असतो. आपण रोज त्या सगळ्या उंचीला घाबरत असतो. माणसाला सर्वांत जास्त दमवते ती पहिल्या आणि दुसऱ्या गठ्ठ्याची सरमिसळ. ज्या प्रकरणात तलाठ्यांचा अहवाल यायचा आहे, ते मी रोज उघडून बंद केलं तर काम काहीच होत नाही, फक्त जीव शिणतो. दुसऱ्या गठ्ठ्याला आठवड्यातला एकच दिवस द्यायचा. त्या दिवशी प्रत्येक प्रकरणावरची तारीख बघायची, ती उलटली असेल तर स्मरणपत्र लिहायचं, आणि पुन्हा गठ्ठा बांधून ठेवायचा. चौथ्या गठ्ठ्याचं महत्त्व तर कोणीच सांगत नाही. बरीच दिरंगाई ‘तो जीआर कुठे गेला’ या शोधात होते. जीआर सापडला नाही की फाईल बाजूला, आणि बाजूला गेलेली फाईल विसरली जाते. सहाव्या गठ्ठ्यासाठी धीर लागतो. लागलाच तर, म्हणून माणूस कागद टाकत नाही, आणि त्या न टाकलेल्या कागदांखाली आजचं काम गाडलं जातं.

या गठ्ठ्यांच्या जोडीला कार्यविवरण नोंदवही असते. आलेला प्रत्येक कागद तारखेसह तिच्यात चढवायचा, त्याचं काय केलं ते समोर लिहायचं, आणि आठवड्याअखेरीस गोषवारा काढायचा: मागील शिल्लक, नवीन आवक, निकाली, अखेर शिल्लक. आपल्या लेखात झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंचा उल्लेख आहे. अपुरी राहिलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असं त्यांनी 1927 मध्ये प्रयोगांतून मांडलं. ते वाचून मला नोंदवहीच आठवली. कागद वहीत चढला की तो डोक्यात वागवावा लागत नाही. रात्री झोपताना ‘काहीतरी राहिलंय’ ही हुरहुर लागते ती वहीत न चढलेल्या कामांची.

ही पद्धत नुसती कागदावर राहिली असंही नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अभिलेखांची आणि बसण्याची सगळी मांडणी बदलली. जुने कागद वर्गवारी करून लावले, टेबलं मोकळी केली. लखिना पॅटर्न म्हणून ते पुढे देशभर गाजलं. आमच्या आधीच्या पिढीतले कारकून त्याबद्दल अभिमानाने बोलायचे. 2017 मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागात ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम घेतली, तिचाही पाया आधी दप्तर लावा, कागद वेगळे करा, मग रोजचं रोज निकाली काढा, हाच होता. आमच्या जिल्ह्यात त्या काळात कपाटांवरचे, जिन्याखालचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या फायलींचे गठ्ठे बाहेर निघाले. धुळीने खोकला लागला, पण कार्यालयात चालायला जागा झाली, हे मी पाहिलं आहे. मोहिमेचा जोर ओसरल्यावर काही ठिकाणी ढीग पुन्हा चढले, हेही खरं आहे.

आपल्याकडे दिरंगाईविरुद्ध कायदासुद्धा आहे. बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कामातील विलंबाला प्रतिबंध करणारा 2005 चा अधिनियम, ज्याला सगळे दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात. एका कर्मचाऱ्याकडे कोणतीही फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, असं त्याचं कलम 10 सांगतं. जाणूनबुजून विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कायदा चांगला आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण तो बहुतेक वेळा खालच्या टेबलावर येऊन थांबतो. साहेबांनी फाईलवर ‘चर्चा करा’ लिहून ती परत पाठवली, साहेब चार दिवस दौऱ्यावर, पाचव्या दिवशी व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स), तर ते दिवस कोणाच्या नावावर पडायचे? ‘चर्चा करा’ हा शेरा कधी कधी गरजेचा असतो. पुष्कळदा मात्र तो निर्णय टाळण्याचा शेरा असतो, आणि त्याची मोजदाद कुठल्याच गोषवाऱ्यात होत नाही. ती व्हायला हवी.

आणि कामच माणसाच्या आवाक्यापलीकडे असेल तर? याचं उत्तर मला 2019 च्या ऑगस्टमध्ये मिळालं. कोल्हापूर-सांगलीबरोबर आमच्याकडे कराड-पाटण भागातही पुराने हाहाकार केला होता. पडलेल्या घरांचे पंचनामे, तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकांनी मिळून केलेले पिकांचे पंचनामे, बाधितांच्या याद्या, खातेपुस्तकावरचं नाव आणि यादीतलं नाव यांतला फरक, असा सगळा ओघ एकदम सुरू झाला. नेहमीची कामं होतीच. तेव्हा ज्या साहेबांच्या हाताखाली मी होते, त्यांनी सगळ्या संकलनांचे गोषवारे टेबलावर मागवून घेतले. मदतवाटप संपेपर्यंत थांबू शकतील अशी कामं त्यांनी स्वतः निवडली आणि ती मागे ठेवत असल्याचं स्वतःच्या सहीने लिहून दिलं. त्या एका कागदाने आमच्या मनावरचं ओझं उतरलं. मागे पडलेलं काम आता कोणाच्या चुकारपणात जमा होणार नव्हतं. ते विचार करून मागे ठेवलेलं होतं, कधी हातात घ्यायचं तेही ठरलेलं होतं. आम्ही रात्री उशिरापर्यंत याद्या केल्या, पण कोणी कोणावर ओरडलं नाही आणि एकही फाईल लपवली गेली नाही. काम वाटणाऱ्याने कामाचा क्रम लावून द्यायचा असतो, ही त्याचीच जबाबदारी आहे. सगळंच तातडीचं म्हणून खाली ढकललं की खालचा माणूस स्वतःच्या मनाने निवडतो, आणि भ्यायलेला माणूस सोपं तेच निवडतो.

माझी सून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिची अवस्था पाहते तेव्हा वाटतं आमचं बरं होतं, निदान टपाल दिवसातून ठरल्या वेळी यायचं. तिच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर दिवसभर आदेश येतात. यू-डायसची (शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीची) माहिती भरा, पोषण आहाराची नोंद करा, शिष्यवृत्तीची यादी पाठवा, फोटो अपलोड करा, ‘आज दुपारपर्यंत’. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 म्हणतं की दशवार्षिक जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुकीची कामं सोडून शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावू नये. प्रत्यक्षात ती पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला देऊन मोबाइलवर रकाने भरत असते, आणि वर तिलाच वाटतं की आपलं नियोजन कच्चं आहे. ते ऐकून मला राग येतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर बसलो आणि तिच्या कामाचे सहा गठ्ठे केले. ग्रुपवरच्या आदेशांसाठी एक वही केली. आदेश वाचला की लगेच वहीत चढवायचा आणि ग्रुप बंद करायचा, पुन्हा ठरल्या वेळीच उघडायचा. महिन्याला लागणारी माहिती तिसऱ्या गठ्ठ्यात, तारखांसकट. पटसंख्या, बँकेचा तपशील, विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, शाळेचा सांकेतांक ही नेहमी विचारली जाणारी माहिती चौथ्या गठ्ठ्यात, एकाच जागी. तीच ती माहिती निरनिराळ्या नमुन्यांत मागतात हे तिला तेव्हा प्रथम स्वच्छ दिसलं. तिचं काम यामुळे कमी झालेलं नाही, हे मी स्पष्ट लिहिते, कारण आपल्या लेखात सल्ला पाळला की काम हलकं होईल असं आश्वासन आहे. काम तेवढंच आहे. पण आता ती संध्याकाळी मुलाचा अभ्यास घेताना मोबाइलकडे बघत नाही. आणि केंद्रप्रमुखांशी बोलताना वहीचं पान पुढे करते: या आठवड्यात इतके आदेश आले, यांतले अमुक आधी केले तर तमुक राहतील, कोणते आधी करू? तोंडी तक्रारीला उत्तर मिळत नव्हतं, पानाला मिळतं.

कार्यालयांत आता ई-ऑफिस, म्हणजे संगणकावर फायली चालवण्याची पद्धत आली आहे. तिचं मी स्वागत करते, फाईल कुठे आहे ते एका क्षणात कळतं. मात्र ढीग डोळ्यांना दिसेनासा झाला आहे. पूर्वी कोणाच्या टेबलावर काय साचलं आहे ते दारातून दिसायचं आणि शेजारचा सहकारी आपण होऊन चार फायली उचलायचा. आता सगळ्यांची टेबलं सारखीच स्वच्छ दिसतात आणि ज्याच्या पडद्यामागे ढीग आहे तो एकटाच असतो. पद रिक्त राहिलं की त्याचा अतिरिक्त कार्यभार त्याच माणसाला मिळतो, एकाच लॉगिनला दोन-तीन टेबलांच्या फायली. म्हणून शाखाप्रमुखांनी आठवड्याचा गोषवारा समोर घेऊन, माणसाशी बोलून पाहायला हवा. नुसता आकडा बघून नोटीस काढली तर तळाची फाईल आणखी तळाला जाईल.

आपल्या पुरवणीला माझी विनंती आहे की या विषयावर पुढचा लेख येईल तेव्हा एखाद्या कारकुनाचा, एखाद्या शिक्षिकेचा, एखाद्या परिचारिकेचा एका आठवड्याचा गोषवारा नाव न देता छापावा. मागील शिल्लक, नवीन आवक, निकाली, अखेर शिल्लक, आणि त्यांच्याकडे सध्या किती जणांचं काम आहे, तेही. वाचकांना हवी असल्यास सहा गठ्ठ्यांची माहिती घरगुती कामासाठी, अभ्यासासाठी किंवा दुकानासाठी कशी वापरायची, हे मी सविस्तर लिहून पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून (महसूल),
जि. सातारा